फॉसमचे फसलेले सौदे

मार्जच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर रोज सकाळी जे म्हातारे बसत, त्यांना कुणी बोलावलेलं नसे आणि त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. शेतं पोरांच्या हातात गेली होती, गुडघे कामातून गेले होते, उरली होती ती फक्त मतं. चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवायचे, ज्याचं दान सगळ्यांत कमी त्याने सगळ्यांची कॉफी द्यायची, आणि मग बर्फावरच्या हॉकीवर बोलायचं, हा तिथला शिरस्ता.

त्या आठवड्यात विषय एकच होता. डेलमर फॉसम.

फॉसम हा गावच्या क्लबचा, हार्लो मिलर्सचा, जुना जनरल मॅनेजर. कुठला पोरगा घ्यायचा, कुठला सोडायचा, कुणाच्या बदल्यात कोण आणायचा, हे सगळं वर्षानुवर्षं त्याच्या एकट्याच्या हातात होतं. आता त्याचे डोळे अधू झाले होते, आणि गव्हाची कापणी आटोपली की मुलगी त्याला कायमची अल्बर्टाला घेऊन जाणार होती. तो जायच्या आत रिंकच्या, म्हणजे क्लबच्या बर्फाच्या मैदानाच्या, भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागावी, असं नेस्टरने मनावर घेतलं होतं. पाटीचा निर्णय जुन्या कमिटीचा. कमिटीत तिघेच जिवंत राहिले होते आणि तिघेही याच टेबलावर बसत: नेस्टर, क्लेरन्स आणि ओरेस्ट. नियम असा की तिघांचाही होकार हवा.

ओरेस्टचा होकार नव्हता.

"लेका, तू शवपेटीतून मान वर काढून नाही म्हणशील," नेस्टर म्हणाला.

"म्हणेन की. तू झाकण जरा सैल ठेव."

क्लेरन्स हसला. क्लेरन्स कुणाच्याच बाजूचा नसे. भांडण रंगलं की तो दुसरा केक मागवी.

"असं करू," क्लेरन्स म्हणाला, "खटलाच चालवू. सगळे सौदे मांड टेबलावर. पांढऱ्या साखरेची पुडी म्हणजे चांगला सौदा, तपकिरी म्हणजे वाईट. शेवटी बघू कुठल्या जास्त होतात."

"माझी साखर वाया घालवू नका," मार्ज काउंटरमागून म्हणाली. "आणि पुड्या फोडल्यात तर बोटं मोडीन."

प्रत्येकासमोर ताटाखाली घालायचा कागद होता. त्यावर त्यांच्या सस्कॅचवान प्रांताचा नकाशा छापलेला, कडेने ट्रॅक्टरच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती. नेस्टरने तोच मधोमध सरकवला आणि ज्या क्लबशी सौदा झाला त्या जागी, दक्षिणेकडच्या कोपऱ्यात, पहिली पांढरी पुडी ठेवली. "रेजी. आठवतोय? दोन बचावपटू देऊन हा एक गोलकीपर घेतला तेव्हा आख्खं गाव फॉसमच्या नावाने बोंब मारत होतं. आणि कप कुणामुळे आला? रेजीमुळे."

"आणि पुढच्याच वर्षी रेजीला विकला कुणी?" ओरेस्ट म्हणाला.

"त्याचा गुडघा गेला होता!"

"गेला नव्हता. जायला निघाला होता."

पुड्या मांडल्या जाऊ लागल्या. ओरेस्टला हे जमत होतं. हिवाळ्यात शेतात काम नसे, तेव्हा क्लबची बस तोच चालवायचा. प्रत्येक पोरगा त्याने नेला होता आणि आणला होता. नाताळात तर ज्यांना न्यायला कुणी येत नसे त्यांना तो दारापर्यंत सोडून यायचा. त्यामुळे त्याला खेळाडूंची नावं पाठ होती, त्यांची घरं पाठ होती, आणि कुणाची आई दारात रडायची तेही.

आणि फॉसमवरचा रागही त्याला पाठ होता. त्या रागाचं नाव गार्थ.

गार्थ पॉइत्रा उत्तरेकडच्या तळ्यांच्या भागातून आला, तेव्हा सतरा वर्षांचा होता. क्लबची लांबची पोरं गावातल्या घरांत राहत. जेवण, झोपणं, शाळा, कपडे, सगळं त्या घरचं. ओरेस्ट आणि व्हर्नाला मूल नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे वरची खोली कायम क्लबसाठी असायची. बरीच पोरं राहून गेली. काही उद्धट होती, काही अजागळ, एकाने तर तळघरात साप पाळला होता. पण गार्थ आला आणि घराचा आवाजच बदलला.

तो जिना तीन-तीन पायऱ्या गाळून उतरायचा. व्हर्ना ओरडायची, "पडशील! मग तुझ्या त्या मॅनेजरला काय सांगू मी?" तो म्हणायचा, "सांगा, मिसेस एच, तुमच्या जिन्याने मला अडवलं, दुसऱ्या कुणाला जमलं नाही." तिला तो आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून मिसेस एच म्हणायचा, ओरेस्टला नुसतं 'बॉस'. ओरेस्टने त्याला धान्याचा ट्रक चालवायला शिकवला. अंगणात पाणी सोडून बर्फाचा चौकोन केला, खांबाला दिवा टांगला. जेवण झालं की गार्थ तिथे एकटाच हॉकीची चकती मारत बसायचा, आणि ती फळीवर आपटली की स्वयंपाकघरातल्या कपबशा किणकिणायच्या. व्हर्ना कणकेचे गोळे लाटता लाटता म्हणायची, "माझी सगळी भांडी फुटतील बघ." पण दिवा विझवायला तिने कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी मिलर्स अव्वल होते. गार्थ मधल्या जागी खेळायचा, आणि त्याच्याकडे चकती आली की रिंकमधली माणसं आपोआप उभी राहत. आणि जानेवारीत, सौद्यांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, फॉसमने त्याला देऊन टाकला. उत्तरेच्या टोकाच्या, गुणतक्त्यात तळाला असलेल्या क्लबला. बदल्यात आला एक बाकावर बसून असणारा बचावपटू, आणि करारात एक ओळ, की पुढे कधीतरी काहीतरी देऊ. असे सौदे होतात. क्लबकडे द्यायला काही नसलं की तसं लिहितात. पण हार्लोत त्या ओळीची म्हण झाली. कुणाकडे पैसे मागितले की तो म्हणे, "फॉसमसारखं करू. पुढे कधीतरी काहीतरी."

मिलर्स त्या वर्षी शेवटच्या सामन्यात हरले.

ओरेस्टच्या डोक्यात मात्र तो सामना नव्हता. त्याला आठवायची ती त्या दिवशीची संध्याकाळ. तो गुरांना चारा घालून आत आला, तर गार्थची बॅग दारात होती आणि फॉसमची गाडी अंगणात धूर सोडत उभी होती. गार्थने त्याचा हात हातात घेतला, सोडला आणि बॅग उचलली. व्हर्नाने डबा भरून दिला, बंद दारामागे उभी राहिली, आणि मग भांडी घासताना रडली. ओरेस्टने तिला तसं रडताना फार कमी वेळा पाहिलं होतं. त्या दिवसापासून फॉसम हॉटेलात आला की ओरेस्ट टोपी उचलून निघे. काही दिवसांनी फॉसमच यायचा बंद झाला.

यंदा पेरणीच्या दिवसांत व्हर्ना गेली. नाही म्हणायचं ते ओरेस्टला आता दोघांच्या वतीने म्हणायचं होतं. तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं, असं त्याला वाटे.

"चला, आता तपकिरी," तो म्हणाला आणि त्याने पुड्या ओढून घेतल्या. "वेंडल. डावीकडून काय पळायचा! दिला नदीकाठच्या क्लबला. आपल्याला काय मिळालं? एक लंगडा."

"लंगडा नव्हता, हळू होता," नेस्टर म्हणाला.

"मॉरिस. मॅनिटोबाच्या हद्दीपाशी. बदल्यात काय? त्या पोराचं नावसुद्धा कुणाला आठवत नाही."

"मला आठवतं," क्लेरन्स म्हणाला. "नाही, तो दुसरा."

ओरेस्टने तपकिरी पुडी नकाशाच्या पूर्वेकडच्या हद्दीजवळ ठेवली आणि त्याचं बोट तिथेच राहिलं. मॉरिसचं घर. नाताळात वादळ होतं, बस रुतली होती, आणि मॉरिसच्या वडिलांनी ट्रॅक्टर आणून ओढली होती. घर अगदी इथेच होतं. ज्या क्लबला तो दिला, त्याच्या रिंकवरून दिसेल इतक्या जवळ. पुढच्या शिशिरात त्या वडिलांना आजार लागला, हे ओरेस्टला बसमध्येच कळलं होतं, आणि लगेचच मॉरिसचा सौदा झाला होता.

त्याने वेंडलची पुडी पाहिली. नदीचा पूल, पुलापलीकडे पांढरं घर, आजी दारात. वेंडलला आजीनेच वाढवलं होतं.

आणखी दोन तपकिरी पुड्या होत्या. दोन्ही घरांचे रस्ते त्याला ठाऊक होते. दोन्ही पुड्या त्या घरांवरच पडल्या होत्या.

पांढऱ्या पुड्या मात्र नकाशाभर विखुरल्या होत्या. त्यांना कशाचाच मेळ नव्हता, जिथे चांगला सौदा मिळाला तिथे फॉसमने केला होता. मूर्ख माणसाचे सौदे असे नसतात. फॉसमला सौदा करता येत होता. मग ह्या तपकिरी पुड्या काय होत्या?

शेवटची पुडी ओरेस्टच्या हातात होती. ती कुठे ठेवायची हे त्याला माहीत होतं. उत्तरेला, तळ्यांच्या भागात. गार्थच्या घरापाशी.

"काय रे, छातीत दुखतंय का?" क्लेरन्सने विचारलं. "मार्ज, याला पाणी दे. आधी याचं दान पडू दे, मग मरू दे."

ओरेस्टने पुडी खिशात टाकली, टोपी घातली आणि निघाला.

"ए, कॉफी कोण देणार?" नेस्टर मागून ओरडला.

फॉसम घरामागे बटाटे काढत होता. म्हणजे कुदळ घालत होता, आणि मग गुडघ्यांवर बसून मातीत हाताने चाचपत होता. गाडीच्या आवाजाने त्याने मान वर केली.

"कोण?"

"ओरेस्ट."

फॉसमने कुदळ बाजूला ठेवली. "बऱ्याच दिवसांनी आलास," तो म्हणाला. "बटाटे हवेत?"

"गार्थला का दिलास?"

"वाईट सौदा होता. चुकलो मी. अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यासाठी इतकी धूळ उडवत यायची गरज नव्हती."

"वेंडलचाही वाईट? मॉरिसचाही?"

"सगळ्यांना चांगलंच जमतं असं नाही."

ओरेस्ट खाली बसला. गुडघ्याने कटकट केली. त्याने खिशातली पुडी काढून फॉसमच्या मातकट हातात ठेवली. "पोरं घरी पाठवलीस तू. बदल्यात कोण मिळतंय ते बघितलंच नाहीस."

फॉसमने पुडी बोटांनी दाबून पाहिली. साखर आहे हे कळल्यावर तो हसला. "घरी जायचंय म्हणून स्वतःहून गेलेल्या पोराला पुन्हा कोण विचारतं, ओरेस्ट? तुला माहीत आहे. टिकला नाही, मन कच्चं आहे, असं एकदा नावापुढे लागलं की संपलं. कुठला क्लब त्याच्याकडे बघत नाही. पण सौद्यात गेलेला पोरगा खेळाडूच राहतो. मूर्ख ठरतो तो मॅनेजर." त्याने एक बटाटा उचलून झटकला. "माझं काय, मला आधीपासूनच सगळे मूर्ख म्हणत होते."

"गार्थ तर मजेत होता. माझ्याच घरात होता तो. रोज बर्फावर..."

"मी बर्फावर पोरांचे पाय बघायचो," फॉसम म्हणाला. "घरात काय चाललंय ते मला कसं कळणार? म्हणून दर रविवारी मी ज्यांच्याकडे पोरं होती त्या घरांना फोन करायचो. बायकांशी बोलायचो. तू चर्चमधून आलास की गाढ झोपायचास ना?"

ओरेस्टने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गार्थचे वडील लाकडाच्या गिरणीत जखमी झाले होते," फॉसम म्हणाला. " आई एकटी, पाठची भावंडं लहान. त्याने इथे कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच, तू त्याला कसलं कौतुकाने बघायचास. पण जेवताना दुधाचा जग त्याच्यापुढे ठेवला की तो एकटा संपवायचा, हो ना? तो जग भरलेलाच राहायला लागला. पंधरवडा तसा गेला, मग तिने त्याला विचारलं. आणि मग मला सांगितलं."

वाऱ्याने बटाट्यांची वाळलेली पानं हलत होती.

"व्हर्नाने," ओरेस्ट म्हणाला.

"मी काही बोललेलो नाही," फॉसम म्हणाला. "मी वचन दिलं होतं. तू अंदाज बांधलास."

"मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणाली, ओरेस्टच्या पोटात काही राहत नाही. उद्या सकाळी फासे टाकायच्या आत मार्जच्या हॉटेलभर होईल. मग पोराचं सगळं वाया. नंतर दर वर्षी म्हणायची, यंदा पेरणी झाली की सांगते. पेरणी झाली की म्हणायची, कापणी होऊ दे." फॉसमने मान खाली घातली. "नाताळात खसखशीचा रोल पाठवायची. कुणाच्या ना कुणाच्या हाती. त्यात सगळं आलं, असं मी समजायचो."

तो रोल ओरेस्टला माहीत होता. ओट्यावर कागदात गुंडाळलेला, दोरी बांधलेला. तो म्हणायचा, "त्या माणसाला कशाला?" ती म्हणायची, "एकटा असतो तो." आणि व्हर्नाच्या दफनाच्या दिवशी गार्थ आला होता, मोठा झालेला, पोट सुटलेला, उत्तरेत पोरांना शिकवणारा गार्थ. तो फॉसमशेजारी बसला होता. ओरेस्टला तेव्हा वाटलं होतं, पोराचं मन किती मोठं.

"त्या ओळीचं काय झालं?" ओरेस्टने निघताना विचारलं. "पुढे कधीतरी काहीतरी. त्यांनी दिलं काही?"

"मी मागितलंच नाही," फॉसम म्हणाला.

घरी आल्यावर ओरेस्ट स्वयंपाकघरात उभा राहिला. त्याला भांडायचं होतं. "माझ्या पोटात राहत नाही म्हणे," असं तो सिंककडे बघून मोठ्याने म्हणाला. भांडायला घरात कुणी नव्हतं, आणि एरवी हे आठवलं की त्याला खुर्चीत बसावं लागे. आज तो उभाच राहिला. ती गेल्यापासून लोक येत, तिच्याबद्दल बोलत, आणि ते सगळं त्याला आधीच माहीत असे. तिच्याबद्दल आता नवीन काही कळायचं नाही, हे त्याने मनाशी धरलं होतं. आणि आज कळलं होतं. ती भांडी घासताना रडली होती ती पोरगा गेला म्हणून, आणि त्याला आपणच पाठवला म्हणूनही. तो मागे उभा राहून फॉसमला शिव्या देत होता, आणि ती ऐकून घेत होती.

त्याने कपाटातून तो दुधाचा काचेचा जग काढला. धुतला. पुसून ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरेस्टची गाडी हॉटेलापुढे थांबली आणि आधी फॉसम उतरला. मार्जच्या हातातली किटली तशीच राहिली.

"देवा," क्लेरन्स म्हणाला, "आज कोण मेलंय?"

"सरक," ओरेस्ट म्हणाला. "याला खिडकीकडे बसू दे, उजेड लागतो त्याला."

फॉसम बसला. त्याने टेबलाची कड हाताने चाचपली. सगळ्यांची दानं पडली आणि शेवटी नेस्टरने पेला त्याच्यापुढे केला. फासे खुळखुळले आणि पडले. फॉसमने वाकून पाहिलं, पण त्याला ठिपके दिसेनात.

"एक आणि दोन," ओरेस्ट म्हणाला. "सगळ्यांची कॉफी तुझ्यावर."

"खोटं बोलतोयस."

"हात लावून मोज हवं तर."

कॉफी आली. नेस्टर एकदा ओरेस्टकडे बघत होता, एकदा फॉसमकडे. शेवटी त्याला राहवलं नाही. "पाटीचं काय मग?"

"लावा," ओरेस्ट म्हणाला.

"लावा? काल तर तू शवपेटीतून... काय झालं काय असं काल?"

नेस्टर पुढे झुकला. मार्जसुद्धा फडकं हातात धरून थांबली. फॉसमचा कप ओठांपाशी होता, तो तिथेच राहिला. ओरेस्टने तोंड उघडलं. आयुष्यात असं काही त्याला कळलं की ते या टेबलावर यायला सकाळ पुरत नसे. आणि हे तर तिच्याबद्दलचं होतं. ती किती शहाणी होती, हे सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं. त्याने तोंड मिटलं, दुधाचं भांडं ओढलं आणि कॉफीत दूध घातलं.

"काही नाही झालं. याचे बटाटे काढून दिले, तर हा रडायला लागला. मला दया आली."

क्लेरन्स इतका हसला की त्याला ठसका लागला.

"पण एक सांगतो," ओरेस्ट फॉसमकडे बोट दाखवत म्हणाला, "पाटी लागली तरी गार्थचा सौदा तपकिरीच. त्यात बदल नाही."

फॉसमने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते ओरेस्टला नीट दिसलं, बाकीच्यांना नसावं.

"वाईट होता," तो म्हणाला. "फारच वाईट."

"आणि रेजीला विकलास तो?"

"त्याचा गुडघा गेला होता!"

"गेला नव्हता," ओरेस्ट म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला. "जायला निघाला होता."